सुरतेत घर स्वस्त, घरपट्टी नव्हे

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख भरली. त्याच जनगणनेत सुरत महापालिकेच्या हद्दीत ४४.६७ लाख माणसे मोजली गेली आणि तेव्हा त्या हद्दीचे क्षेत्रफळ होते अवघे ३२६ चौरस किलोमीटर. तीन गोवे मावतील एवढी माणसे गोव्याच्या अकराव्या हिश्श्याएवढ्या भूमीवर राहत होती. २०२० मध्ये सचिन आणि कनकपूर-कनसाड या दोन नगरपालिका व भोवतालची गावे सामावून घेऊन ही हद्द सुमारे ४६२ चौरस किलोमीटरांवर गेली. एवढ्या वेगाने वाढलेल्या शहरात घर कोठे परवडते आणि त्यावर कर किती पडतो, हा प्रश्न गुजरातपुरता राहत नाही. त्या शहराच्या दक्षिण टोकाला मराठी बोलणाऱ्यांची मोठी वस्ती आहे, आणि ज्या करपद्धतीचा तेथे गेली अनेक वर्षे प्रयोग चालला आहे, तशा पद्धतीची चर्चा आज देशातील बहुतेक राज्यांत, गोव्यातही, या ना त्या निमित्ताने होत असते.

सुरतेत ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ हे शब्द केवळ दिशा दाखवीत नाहीत. तापीच्या वळणाशी वसलेल्या जुन्या शहराच्या उत्तरेला आणि ईशान्येला कतारगाम व वराछा, नदी ओलांडली की अमरोली, कोसाड, उत्राण, मोटा वराछा. हा सौराष्ट्रातून आलेल्या पाटीदारांचा आणि हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या कारागिरांचा मुलूख. दक्षिणेला लोहमार्गाच्या कडेने उधना, भेस्तान, पांडेसरा, पुढे सचिन. आग्नेयेला लिंबायत, नवागाम, दिंडोली. येथे यंत्रमाग, रंगाई आणि छपाईच्या गिरण्या. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून निघणारी गाडी तापी खोरे रेल्वेच्या ज्या मार्गावरून येते, तो मार्ग उधन्यालाच मुख्य मार्गाला मिळतो. नवापूरचे स्थानक तर निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत आहे. अमळनेर किंवा धरणगावाहून कामाच्या शोधात निघालेला माणूस जेथे उतरला, तेथेच त्याने खोली पाहिली, नंतर त्याच भागात तुकडा घेऊन घर बांधले. महापालिकेच्या प्राथमिक शाळा सात भाषांत चालतात आणि त्यांत मराठी आहे, ती या वस्तीमुळे. नवसारी लोकसभा मतदारसंघाचे खासदार आणि केंद्रीय जलशक्तिमंत्री सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. त्यांच्या मतदारसंघात लिंबायत आणि उधना हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ येतात.

घरांच्या किमतींची तुलना करताना मात्र एक घोटाळा हमखास होतो. ‘दक्षिण सुरत महाग, उत्तर सुरत मध्यम’ असे सरसकट विधान कोणी केले, तर त्याच्या डोळ्यांपुढे वेसू आणि अलथाण असतात. हे भाग नैर्ऋत्येला, विमानतळाच्या बाजूला. रुंद रस्ते, उंच इमारती, आणि पलीकडे खजोद येथे सुरत डायमंड बोर्सची ६७ लाख चौरस फुटांची इमारत, जिचे उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. वेसूपासून पांडेसरा काही फार दूर नाही; पण एका बाजूला शहरातील सर्वांत चढे भाव आहेत आणि दुसऱ्या बाजूला गिरणीच्या धुराड्याखालचे एका खोलीचे घर. दोन्ही दक्षिणेतच. या दोहोंची सरासरी काढून ती उत्तरेपुढे ठेवली, तर मिळणारा आकडा ना वेसूचा असतो ना पांडेसऱ्याचा. उत्तरेतही तीच गत आहे. मोटा वराछ्यात प्रशस्त नव्या सदनिका आहेत, तर कोसाडला महापालिकेने झोपडपट्टीतून हलविलेल्या कुटुंबांसाठी उभारलेल्या आवासांची विस्तीर्ण वसाहत आहे. म्हणून उत्तर-दक्षिण तुलनेपेक्षा अधिक उपयोगाचा प्रश्न असा, की घराच्या किमतीत जेवढा फरक आहे तेवढाच घरपट्टीतही आहे काय?

तो नाही. आणि तो नसणे हा अपघात नसून पद्धतीचाच परिणाम आहे.

पूर्वी मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ हा महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांतील महापालिकांचा आधार होता. त्यानुसार घरपट्टी ठरे ती घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर. हे घर भाड्याने दिले तर वर्षाला किती मिळेल, याचा अंदाज महापालिकेचा निरीक्षक करी. या अंदाजात दोन दोष होते. भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी गोठलेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने दिवाण दौलत राय कपूर खटल्यात स्पष्ट केले, की करासाठीही प्रमाण भाड्यापलीकडे जाता येणार नाही. त्यामुळे मोक्याच्या जागेवरील जुना वाडा नाममात्र कर भरी आणि शहराच्या कडेचा नवा फ्लॅट त्याच्या कित्येक पट. दुसरा दोष अधिक उघड होता. अंदाज माणसाने करायचा असल्यामुळे तो माणसागणिक बदले, आणि कधी कधी टेबलाखालच्या व्यवहाराने बदले.

गुजरातने १९९९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रफळाधारित कराची वाट मोकळी केली. अहमदाबादने २००१ मध्ये ती स्वीकारली. पुढे सुरतही त्याच वाटेने गेली. याच काळात, नोव्हेंबर २००७ मध्ये, राज्याने जकात रद्द केली. व्यापारी शहर असलेल्या सुरतेचा तिजोरीतील मोठा झरा त्यामुळे आटला. राज्याकडून भरपाईचे अनुदान येऊ लागले खरे, पण स्वतःच्या हक्काचे उत्पन्न म्हणून महापालिकेच्या हाती मुख्यतः घरपट्टीच उरली. घरपट्टी पूर्वीसारखी दुय्यम राहिली नाही ती तेव्हापासून.

नव्या पद्धतीचे सूत्र सोपे आहे. घराचे चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये घ्यावयाचे, त्याला ठरावीक दर लावावयाचा, आणि तो दर चार गोष्टींनी कमीजास्त करावयाचा: परिसर कोणता, इमारत किती जुनी, बांधकाम व वापर कशा प्रकारचा, आणि घरात मालक राहतो की भाडेकरू. नागरिकाला स्वतःचा कर स्वतः मोजता येतो आणि निरीक्षकाच्या मर्जीला जागा उरत नाही. हा गुण लहान नव्हे. अहमदाबाद आणि सुरत या शहरांची वसुली पुढे देशात नावाजली गेली, त्यात या सुबोधपणाचा वाटा आहे.

पण परिसराचा गुणक हा चार-पाच पायऱ्यांचा जिना असतो. बाजारभाव मात्र डोंगरासारखा चढतो. समजा, पन्नास चौरस मीटरची दोन घरे आहेत, एक उधन्यात आणि एक वेसूत. उधन्यातल्या घराची किंमत वीस लाख आणि वेसूतल्याची ऐंशी लाख धरू. उधन्याची घरपट्टी वर्षाला दोन हजार मानली आणि वेसूचा परिसर-गुणक दुप्पट धरला, तर तेथे ती चार हजार होईल. हे आकडे केवळ हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत, पण त्यातून दिसणारे चित्र खरे आहे. किंमत चौपट, कर दुप्पट. उधन्याचा मालक घराच्या मोलाच्या दर लाखामागे शंभर रुपये भरतो, वेसूचा पन्नास. एकूण रक्कम पाहिली तर वेसू अधिक देते आणि महापालिकेच्या अहवालात तेच दिसते. घराच्या मोलाशी ताडून पाहिले तर ओझे उलट्या दिशेने कलते.

या युक्तिवादाला उत्तर आहे आणि ते ऐकण्याजोगे आहे. घरपट्टी हा संपत्तीवरील कर नसून शहराच्या सेवांचे मोल आहे, आणि रस्ता झाडण्याचा खर्च उधन्यात काही कमी येत नाही, असे महापालिका म्हणू शकते. अगदी लहान घरांना सामान्य करात सवलत देण्याची प्रथाही गुजरातच्या महापालिकांत आहे. परंतु हे उत्तर पुढे नेले तर एक अडचण उभी राहते. बिलात सामान्य कराखेरीज पाणी, मलनिःसारण, सफाई इत्यादींचे आकार असतात, आणि ते घराच्या बाजारभावाशी बांधलेले नसतात. सेवेचे मोल म्हणून कर मागायचा, तर ती सेवा सर्वत्र सारख्या दर्जाची हवी. लिंबायतच्या मिठी खाडीलगतच्या रहिवाशाला विचारावे, की पावसाळ्यात त्याच्या घरात किती वेळा पाणी शिरते. २०२४ च्या जुलैत या भागात खाडीचा पूर आला आणि रस्त्यांवर नावा फिरवाव्या लागल्या. तापीच्या महापुराची गोष्ट वेगळी. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने अडाजण, रांदेर, कतारगाम अशा नदीकाठच्या भागांना बुडविले; त्यात श्रीमंतगरीब असा भेद नव्हता. खाडीचा पूर मात्र वर्षामागून वर्षे त्याच त्या आग्नेयेच्या वस्त्यांत येतो. भिजलेली गादी, नादुरुस्त झालेले शिलाई यंत्र, आठवडाभर बुडालेली मजुरी हेही घराच्या खर्चातच धरायला हवे. कोणत्याही किंमत-तुलनेत ते दिसत नाही.

उत्तरेचा अनुभव पाण्याच्या दुसऱ्या अंगाने आला. मोटा वराछा परिसरात चोवीस तास पाणी आणि त्यासाठी मीटर अशी योजना महापालिकेने आणली. घरपट्टीत एकगठ्ठा आकार भरण्याची सवय असलेल्या सोसायट्यांच्या हाती वापरानुसार बिले पडली, तेव्हा असंतोष उसळला. २०२१ च्या फेब्रुवारीत झालेल्या महापालिका निवडणुकीत आम आदमी पक्षाला १२० पैकी २७ जागा मिळाल्या, त्या बहुतांशी वराछा-कतारगामच्या पट्ट्यातून. त्यामागे पाटीदार आंदोलनासह अनेक कारणे होती. सगळे श्रेय पाण्याच्या मीटरला देणे भाबडेपणाचे ठरेल. तरी एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. उत्तरेतील मालक बिलावर चिडला तर सोसायटी एकत्र येते, महापालिकेवर मोर्चा नेते, मताने बदला घेते. दिंडोलीतील मालकापुढे त्याआधीचा प्रश्न असतो: आपण कायद्याने मालक आहोत का?

कारण स्वस्त घराची खरी किंमत बहुधा कागदात दडलेली असते. लिंबायत, नवागाम, दिंडोली, पांडेसरा या पट्ट्यात शेतजमिनीचे तुकडे पाडून ‘सोसायटी’ या नावाने विकले गेले. बिगरशेती परवानगी नाही, नोंदणीकृत दस्त नाही. नोटरीचा कागद, मुखत्यारपत्र आणि विकणाऱ्याचा शब्द यांवर व्यवहार झाला. यंत्रमागावरच्या मजुरीतून पै-पै साठविणाऱ्याला याहून वेगळे काही परवडण्याजोगे नव्हतेच. महापालिका अशा घरालाही नंबर देते, वेराबिल पाठविते आणि पैसे घेते, पण बिल भरल्याने मालकी सिद्ध होत नाही. बँक त्या कागदावर कर्ज देत नाही, मग कुटुंब सावकाराकडे किंवा भिशीकडे वळते आणि स्वस्त घर व्याजाने महाग होते. गोव्यातील वाचकाला हे सांगावे लागू नये. पंचायतीने घर क्रमांक दिला, घरपट्टी वर्षानुवर्षे घेतली, आणि तरी घर अनधिकृतच, ही तक्रार गोव्याच्या गावागावांत ऐकू येते. २०१६ चा अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा कायदा आणि २०२५ मधील ‘माझे घर’ योजना त्यातूनच आली. गुजरातने २०११ मध्ये कायदा करून आणि २०२२ मध्ये वटहुकूम काढून ‘इम्पॅक्ट फी’ भरून बांधकाम नियमित करण्याची सोय दिली. पण तेथे नियमित होते ते बांधकाम. जमिनीचा मालकीहक्क मुळातच संदिग्ध असेल, तर शुल्क भरूनही तो हाती येत नाही.

मालकच नसलेल्यांची गणती या सगळ्यात होत नाही. वेडरोड-कतारगाम पट्ट्यात, म्हणजे उत्तरेतच, ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेल्या यंत्रमाग कामगारांच्या खाणावळी आहेत. एका खोलीत दिवसपाळीचा जथा उठून गेला, की त्याच जागी रातपाळीचा जथा येऊन निजतो. घरभाडे येथे खोलीचे नसते, अर्ध्या दिवसाच्या अंथरुणाचे असते. करसूत्रात भाडेकरूचे घर म्हणून गुणक वाढतो; तर्क असा, की भाडे मिळविणाऱ्याने अधिक द्यावे. प्रत्यक्षात तो भार भाड्यात मिसळून अंथरुणापर्यंत पोहोचतो. ज्याच्या नावावर चौरस फूटही नाही, तोही घरपट्टी भरीत असतो. फक्त त्याची पावती त्याला मिळत नाही.

आता या चित्रात जंत्री येते. महाराष्ट्रात जो शीघ्रगणक, तीच गुजरातेत जंत्री. घरपट्टीचा जंत्रीशी थेट संबंध नाही, मुद्रांक शुल्काचा आहे. गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणी शुल्क एक टक्का. खरेदीदार स्त्री असेल तर नोंदणी शुल्क माफ असते, त्यामुळे घर बायकोच्या नावावर घेण्याचा व्यवहारी शहाणपणा तेथे बराच रुजला आहे. समतेच्या भाषणांपेक्षा या एका टक्क्याने अधिक स्त्रियांना मालकीण केले असावे. २०११ ची जंत्री बारा वर्षे तशीच राहिली. १५ एप्रिल २०२३ पासून ती एकदम दुप्पट झाली. त्यानंतर २० नोव्हेंबर २०२४ रोजी नव्या जंत्रीचा मसुदा हरकतींसाठी जाहीर झाला, तेव्हा कित्येक ठिकाणचे सुचविलेले दर पाहून बिल्डर आणि शेतकरी दोघेही रस्त्यावर आले. १ एप्रिल २०२५ पासून हे दर लागू होतील अशी अपेक्षा होती. ती तारीख टळली. वीस लाखांच्या घरावर ४.९ टक्के म्हणजे ९८ हजार रुपये. जंत्रीने त्याच घराचे मोल तीस लाख ठरविले, तर प्रत्यक्ष किंमत तीच असूनही शुल्क १ लाख ४७ हजार होते. नोटरीच्या कागदावरून नोंदणीकृत दस्ताकडे येऊ पाहणाऱ्या कुटुंबाची पायरी या वाढीने आणखी उंच होईल. मुद्रांक शुल्क मोलाच्या प्रमाणात आहे म्हणून ते न्याय्य, असे म्हणणे सोपे आहे. परंतु जे शुल्क टाळण्यासाठी गरीब माणूस कच्च्या कागदावर राहतो, ते शुल्क त्याच्यासाठी न्याय्य ठरत नाही.

शहराचा पैसा कोठे जातो, याचाही धागा येथेच जुळतो. सुरत मेट्रोचे दोन मार्ग उभे राहत आहेत, एकूण सुमारे चाळीस किलोमीटरांचे. पहिला ईशान्येच्या सरथाणापासून वराछामार्गे नैर्ऋत्येच्या ड्रीम सिटीपर्यंत, म्हणजे हिऱ्याच्या कारखान्यांपासून हिऱ्याच्या बाजारापर्यंत. दुसरा भेसाणपासून अडाजणमार्गे सारोलीपर्यंत, वस्त्रबाजारांच्या बाजूला. पांडेसरा, दिंडोली, सचिन या दोन्ही मार्गांबाहेर आहेत. मेट्रोलगतच्या जमिनीचे भाव वाढतील. परिसराचा गुणक त्याच वेगाने वाढेल याची हमी नाही. हिऱ्याच्या धंद्याला मात्र सध्या मंदीची झळ आहे, त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले. वराछ्यात कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या कारागिरालाही आता घर महागच वाटते आहे, त्याचा भाव न वाढताही.

मुंबईने २०१० पासून दुसरी वाट धरली. तेथे घरपट्टी भांडवली मूल्यावर, म्हणजे शीघ्रगणकाला जोडलेली आहे, आणि २०२२ मध्ये पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना ती माफ करण्यात आली. किंमत वाढेल तसा कर वाढावा हे तत्त्व तेथे मान्य झाले, पण मोठ्या संख्येने घरे कराबाहेर गेल्यावर भार कोणावर, याचा वाद सुरू झाला. गुजरातेने तीच वाट घेतली, तर लोंबकळत असलेल्या जंत्रीला आणखी एक ओझे जोडले जाईल. न घेतली, तर किमान परिसराच्या पायऱ्या वाढविणे आणि त्या दर काही वर्षांनी बाजारभावाशी ताडून पाहणे, एवढे तरी महापालिकेच्या स्वतःच्या हाती आहे. पंधराव्या वित्त आयोगाने नागरी संस्थांच्या अनुदानाला अट घातली होती: राज्यांनी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करावेत आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या बरोबरीने वाढवावी. ही अट गोव्याच्या पालिकांनाही लागू झाली. दर वाढविण्याचा दबाव येणारच आहे. तो सरसकट टक्केवारीने आला, तर वेसूच्या आणि उधन्याच्या बिलात एकाच प्रमाणात वाढ होईल, आणि आज लाखामागे शंभर भरणारा एकशेवीस भरू लागेल, पन्नासवाला साठ. २०२० मध्ये हद्दीत आलेल्या सचिन-कनसाडच्या रहिवाशांना नगरपालिकेच्या जुन्या दरांतून महापालिकेच्या दरांत येण्याचा फेरा त्याआधीच सोसावा लागला आहे. त्यांच्यापैकी अनेकांच्या बिलावर अजून मालक म्हणून मूळ शेतकऱ्याचेच नाव छापून येते.